गाडीचे वय आणि फिल्टरचा कागद

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या जीपची सर्व्हिसिंग करून घेतली. जीप १९९८ सालची, डिझेलची, फोर बाय फोर. निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदाराकडून ती घेतली तेव्हा मी बँकेत नोकरीला होतो. आता मी निवृत्त आहे आणि ती अजून कामावर आहे. सर्व्हिसिंगनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली, तर इंजिनातून तीन-चार सेकंद असा काही खडखडाट झाला की शेजारच्या गच्चीवरची कबुतरे उडाली. मग आवाज आपोआप थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रकार. वयाच्या मानाने हे असे व्हायचेच, अशी मनाची समजूत घालून मी आठवडाभर गाडी तशीच चालवली. मग मात्र राहवेना, म्हणून ओळखीच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी सकाळच्या थंड इंजिनाचा आवाज एकदाच ऐकला आणि म्हणाले, ‘‘साहेब, गाडी म्हातारी झाली म्हणून नाही खडखडत. फिल्टर खोटा बसलाय.’’

मला ते पटेना. फिल्टर मी स्वतः दुकानातून आणला होता. खोक्यावर नामांकित कंपनीचे नाव होते, चकाकणारे लेबल होते. मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी तो फिल्टर काढला, कोपऱ्यातल्या भंगारातून त्याच जातीचा एक जुना, खरा फिल्टर शोधला आणि दोन्हींची डबडी करवतीने कापून माझ्यासमोर ठेवली. खऱ्याच्या आत कागदाच्या दाट, एकसारख्या घड्या होत्या. खोट्याच्या आत त्याच्या जेमतेम निम्म्या घड्या, त्याही एका बाजूला कललेल्या. खऱ्यातली रबराची झडप इतके हजार किलोमीटर चालूनही बोटाने दाबली तर मऊ लागत होती. खोट्यातली पंधरा दिवसांत पापडासारखी झाली होती. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले तेल खाली ओघळू न देणे, एवढेच त्या झडपेचे काम. ती निकामी असल्यामुळे रात्रभरात सारे तेल खाली उतरे आणि सकाळी ते पुन्हा वर चढेपर्यंत इंजिनाचे धातू एकमेकांवर कोरडे घासत.

दोन-चारशे रुपयांच्या वस्तूत मी शंभर-सव्वाशे रुपये वाचवले होते. इंजिनकाम निघाले असते तर पाऊण लाखाला पाणी लागले असते. पण हा लेख त्या हिशेबासाठी नाही. त्या कापलेल्या दोन डबड्यांकडे बघताना मला बँकेतल्या कॅश काउंटरची आठवण झाली, आणि त्या आठवणीतून जे सुचले ते मांडावे, असे वाटते.

तोटा शेवटच्या हाताचा

बनावट नोटेचा नियम सर्वांना ठाऊक आहे. अशी नोट काउंटरवर आली की बँक ती जप्त करते, तिच्यावर शिक्का मारते, पावती देते आणि तिच्याबद्दल एक पैसाही देत नाही. नोट कोणी छापली, किती हातांतून फिरली, कोणाकोणाला त्यात फायदा झाला, हा पोलिसांच्या तपासाचा भाग. तोटा मात्र त्या क्षणी ज्याच्या हातात ती नोट आहे त्याचा. बहुधा तो सगळ्यांत निरपराध असतो, कारण नोट खोटी आहे हे ठाऊक असते तर ती घेऊन तो बँकेत आलाच नसता.

खोट्या सुट्या भागाचे अर्थशास्त्र असेच आहे. बनवणारा सुटतो, घाऊक व्यापारी सुटतो, दुकानदार ‘साहेब, वरूनच असा आला’ म्हणून हात वर करतो, गॅरेजवाला ‘तुम्हीच आणून दिला होता’ म्हणतो. शेवटचा हात गाडीमालकाचा. फरक इतकाच की नोट ओळखायला कॅशिअरला प्रशिक्षण असते, यंत्र असते, आणि रिझर्व्ह बँक नोटेची सुरक्षाचिन्हे जाहीर करते. फिल्टर ओळखण्यासाठी ग्राहकाच्या हाती काहीच नाही. त्याचे मोल त्याच्या आत असते, आणि आत काय आहे हे कापल्याशिवाय कळत नाही. कापला की तो वापरता येत नाही.

जुन्या गाडीच्या मालकाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट घडते. खोट्या फिल्टरमुळे इंजिन बिघडले तर दोष फिल्टरवर न येता गाडीच्या वयावर येतो. मीही आठवडाभर तेच केले होते. आणि वयावर दोष टाकण्याची ही सवय आता एकट्यादुकट्या मालकापुरती उरलेली नाही. ती देशाच्या धोरणात उतरली आहे.

वयाचा दंड

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये जुन्या वाहनांना निवृत्त करण्याचे धोरण पंतप्रधानांनी जाहीर केले. पाठोपाठ १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजार केले. आपल्या राज्यात पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर आहे तो वेगळाच. दिल्ली परिसरात तर २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. त्या आदेशांवरचा वाद २०२५ मध्येही न्यायालयात चालूच होता.

या धोरणामागे तथ्य नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०२० नंतरच्या भारत स्टेज सहाच्या डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी चाळणी असते. माझ्या जीपला तसे काही नाही. जगातला उत्तमातला उत्तम फिल्टर बसवला तरी ती नव्या गाडीइतकी स्वच्छ होणार नाही. दिवसाला दोनशे किलोमीटर धावणारी जुनी डिझेल गाडी भर शहरात नको, हे मला मान्य आहे.

आक्षेप निराळाच आहे. वय आणि अवस्था या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि आपले नियम त्यांतली सोपी गोष्ट मोजतात. पीयूसी केंद्रात डिझेल गाडीचा धूर ज्या मापाने मोजतात त्यात भारत स्टेज चारच्या आधीच्या गाडीला ६५ एककांची आणि त्यानंतरच्या गाडीला ५० एककांची मर्यादा आहे. म्हणजे अवस्था मोजण्याचे साधन आपल्याकडे पूर्वीपासून आहे. हवेचा फिल्टर तुंबला की इंजिनाला पुरेशी हवा मिळत नाही, डिझेल अर्धवट जळते आणि काळा धूर सुटतो. नोझल घासले की फवाऱ्याऐवजी थेंब पडतात आणि पुन्हा तोच काळा धूर. धूर काढणारी दहा वर्षांची गाडी आणि निगा राखलेली पंचवीस वर्षांची गाडी शेजारी उभ्या केल्या, तर दंड दुसरीलाच होणार. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खात्याचा व्यवहार न पाहता खातेदाराची जन्मतारीख पाहून कर्ज बुडीत ठरवण्यासारखे आहे हे.

दुसरी बाजूही पाहावी. १९९५ च्या सुमारास आपल्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत चालत असे. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये ते दहा लाख भागांत दहा भागांपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे मर्यादा हजार पटींनी उतरली. गंधक जळून तयार होणारे आम्ल इंजिनातले तेल लवकर नासवत असे. तो त्रास आता फारच कमी झाला. माझी जीप जन्मली तेव्हा तिला मिळाले नव्हते इतके शुद्ध इंधन तिला म्हातारपणी मिळते आहे. इंधन सुधारले आणि नेमक्या त्याच काळात फिल्टरचा बाजार बिघडला, ही विचित्र गोष्ट आहे.

मायक्रॉनच्या गावात

नाशिककरांसाठी हा विषय परका असण्याचे कारण नाही. सातपूरला १९७० च्या आगेमागे मायकोचा कारखाना आला आणि तेथे डिझेल इंजिनांची नोझल आणि इंजेक्टर बनू लागले. २००८ साली कंपनीचे नाव बदलून बॉश झाले; शहरातले मायको सर्कल मात्र मायको सर्कलच राहिले. २००० साली आलेली बोलेरो आणि २००२ सालची स्कॉर्पिओ याच गावच्या महिंद्रच्या कारखान्यातून देशभर गेल्या. या कारखान्यांच्या पाळ्यांवर गेलेली माणसे प्रत्येक गल्लीत सापडतील. मायक्रॉन हा शब्द अनेक घरांत चहाच्या कपाबरोबर उच्चारला गेला आहे.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा. डिझेल पंपातला दट्ट्या आणि त्याभोवतीचे भांडे यांच्यात अंतर असते ते दोन-चार मायक्रॉनचे. त्या फटीत केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा वाळूचा कण गेला तरी ओरखडा उठतो. त्या कणाला आधीच अडवणे हे फिल्टरचे काम. सातपूरला एका मायक्रॉनसाठी अख्खी बॅच नापास करणारा कामगार रविवारी द्वारकेच्या आसपास आपल्या गाडीचा फिल्टर घ्यायला जातो, तेव्हा मात्र ‘यातला स्वस्तातला कोणता?’ असे विचारतो. यात त्याला हसण्यासारखे काही नाही. मीही तेच विचारले होते. खोक्यावर मायक्रॉन छापलेलेच नसतात. छापलेली असते ती किंमत. माणूस जे छापलेले असते त्याचीच तुलना करतो.

तीन फिल्टर, तीन स्वभाव

जुन्या डिझेल जीपला मुख्यतः तीन फिल्टर असतात आणि तिघांच्या फसवणुकीच्या तऱ्हा तीन आहेत.

पहिला ऑइल फिल्टर. १९२३ साली अमेरिकेत मोटारीसाठी पहिला ऑइल फिल्टर निघाला, तोवर इंजिने गाळलेल्या तेलाविनाच चालत. यात कागदाखेरीज दोन झडपा महत्त्वाच्या. तेल खाली न उतरू देणारी झडप वर सांगितलीच. दुसरी बायपासची. फिल्टर तुंबला किंवा थंडीत तेल घट्ट झाले, तर इंजिन तेलावाचून अडू नये म्हणून ही झडप उघडते आणि न गाळलेले तेल आत सोडते. ती किती दाबाला उघडावी हे त्या त्या इंजिनाप्रमाणे ठरलेले असते. एकाच आट्याचे आणि एकाच व्यासाचे दोन फिल्टर एकाच जागी छान बसतात, पण त्यांच्या बायपासचा दाब वेगळा असू शकतो. कमकुवत स्प्रिंगची झडप जवळजवळ सतत उघडी राहते, आणि फिल्टर जागेवर असूनही तेल गाळलेच जात नाही. म्हणून ‘बसतो’ आणि ‘चालतो’ हे दोन शब्द समानार्थी नाहीत. आपल्याकडच्या निम्म्या चुका हे दोन शब्द एक मानल्यामुळे होतात. डिझेल इंजिनाचे तेल काजळीने लवकरच काळे पडते, त्यामुळे रंग पाहूनही काही कळत नाही.

दुसरा डिझेल फिल्टर. जुन्या जीपला अनेकदा एकामागे एक असे दोन असतात, पहिला कापडी आणि दुसरा कागदी. कापडी जाड कचरा अडवतो, कागदी बारीक. अदलाबदल झाली किंवा काटकसर म्हणून दोन्हीकडे कापडी बसवला, तर गाडी सुरळीत चालते, किंबहुना जरा हलकीच ओढते, आणि पंप आतून झिजत जातो. डिझेलमधले पाणी हा दुसरा शत्रू. इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडच्या पावसात टाकीत दमट हवा जाते, तिचे पाणी होते आणि ते फिल्टरच्या तळाशी साचते. तळाची चकती किंवा बोल्ट सैल करून ते महिन्यातून एकदा सोडणे, हे पाच मिनिटांचे काम आहे. चांगला कागद पाणी अडवतो. रद्दीच्या प्रतीचा कागद ते शोषतो, फुगतो आणि फाटतो.

तिसरा हवेचा. सिन्नर-येवल्याकडच्या उन्हाळ्यात हा फिल्टर काय काय गिळतो ते त्यालाच ठाऊक, आणि आता २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामे निघाल्यावर शहरातही धुळीला तोटा नाही. कागदी फिल्टरच्या बाबतीत अनेकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की तो थोडा मळला की अधिक बारीक धूळ अडवतो. दर पंधरवड्याला कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने तो ‘फुंकून’ घेण्याची आपल्या गॅरेजमधली पद्धत त्याचे आयुष्य वाढवण्याऐवजी त्याला भोके पाडते. माझ्या जीपला तर कागदच नाही. तेलाच्या वाटीचा जुना एअर क्लीनर आहे. हवा तेलावरून जाते, धूळ तेलात बसते. वाटीतला चिखल काढून खुणेपर्यंत नवे तेल भरले की झाले. खुणेच्या वर मात्र भरू नये, कारण जादा तेल इंजिनात ओढले जाते आणि मग डिझेल इंजिन त्या तेलावरच बेफाम पळू शकते. या वाटीची नक्कल बाजारात येत नाही, कारण तिच्यात बदलण्यासारखे काही नाही. जुन्या रचनेत फसवणुकीला जागा कमी होती, हे मान्य करावे लागते.

खोके कोणाचे, माल कोणाचा

ग्राहकासमोर दुकानात तीन प्रकारचा माल असतो. एक मोटार कंपनीच्या नावाच्या खोक्यातला. दुसरा, फिल्टर बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या खोक्यातला. तिसरा ‘लोकल’, त्यात प्रामाणिकपणे स्वतःच्या नावाने विकला जाणारा स्वस्त माल आणि दुसऱ्याचे नाव चोरलेला बनावट माल असे दोन उपप्रकार. मोटार कंपन्या बहुतेक फिल्टर स्वतः बनवत नाहीत. ते पुरवठादाराकडून येतात. पहिल्या आणि दुसऱ्या खोक्यातला माल पुष्कळदा एकाच कारखान्यातला असतो, किंमत मात्र वेगळी.

यावर आपल्या देशात एक मोठा निकाल झाला आहे आणि तो बहुतेक गाडीमालकांना ठाऊक नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न देऊन या कंपन्या ग्राहकाला आपल्याच दाराशी बांधून ठेवतात, असा ठपका आयोगाने ठेवला, आणि पुरवठादारांना आपला माल खुल्या बाजारात विकण्याची मोकळीक असावी, असे सांगितले. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षे कज्ज्यात राहिले. पण आयोगाने दाखवलेला रोग खरा होता. अस्सल माल महाग आणि दुर्मिळ झाला की मोकळी राहिलेली जागा नकली माल भरून काढतो. मक्तेदारी आणि बनावटगिरी एकमेकींच्या वैरिणी दिसतात. प्रत्यक्षात एक दुसरीला पोसते.

इतर देशांनी ही गाठ आधी सोडवायला घेतली. अमेरिकेत १९७५ च्या वॉरंटी कायद्यानुसार ‘आमच्याच नावाचा फिल्टर वापरलात तरच वॉरंटी’ अशी अट सहसा घालता येत नाही. घालायची तर तो फुकट द्यावा लागतो. युरोपीय संघाने २००२ साली नियम करून पुरवठादाराला त्याच दर्जाचा भाग स्वतःच्या नावाने विकण्याची वाट मोकळी केली. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टल सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. पण हक्क म्हणून न्यायालयात मांडता येईल असा स्वतंत्र कायदा त्यातून झालेला नाही.

बनावट मालाविरुद्ध कायदे मात्र आहेत. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली खोटे चिन्ह लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी उत्पादकाबरोबर विक्रेत्यावरही काही प्रसंगी टाकली आहे. पण या सर्वांसाठी एक कागद लागतो, तो म्हणजे पक्के बिल. आणि आपण नेमके तेच घेत नाही. बिल नको म्हटले की कर वाचतो आणि पुरावाही जातो. सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट अठरा टक्के झाला. पूर्वी अनेक भागांना अठ्ठावीस टक्के होता. बिल टाळण्याचा मोह त्या प्रमाणात तरी कमी व्हायला हवा. माझ्या खडखडाटाची तक्रार मी कुठेही करू शकलो नाही, कारण माझ्याकडे बिल नव्हते. आयुष्यभर इतरांची कागदपत्रे तपासलेल्या माणसाची ही कबुली आहे.

कोणाची जीप?

हा सारा एका निवृत्त माणसाचा हौशी विषय आहे, असे कोणी म्हणेल. शहरातल्या जुन्या फोर बाय फोरच्या बाबतीत ते काही अंशी खरेही आहे. पण पेठ, सुरगाणा, हरसूलकडे पावसाळ्यात एकदा जाऊन यावे. वाहून गेलेल्या मोऱ्या, चिखलाचे चढ. अशा वस्त्यांत एखाद्याकडे असलेली जुनी जीप हीच बाजारची गाडी, आणि वेळ आली की तीच रुग्णवाहिका. तिच्या मालकाला पंधरा-वीस लाखांची नवी गाडी घेणे शक्य नाही. मी कर्जाच्या फायली पाहिल्या आहेत. बँक गाडी घ्यायला कर्ज देते, ट्रॅक्टर घ्यायला देते, गाडी जगवायला देत नाही. दुरुस्ती ही रोखीची, उधारीची आणि काटकसरीची बाब. तेव्हा तालुक्याच्या दुकानात जो फिल्टर दोनशेऐवजी नव्वदला मिळतो, तोच बसतो. रात्री दोन वाजता बाळंतीण घेऊन निघालेली जीप घाटात थांबली, तर ‘जुनी गाडी, दुसरे काय होणार’ असे सगळे म्हणतात. तिथेही शेवटचा हात त्याच माणसाचा.

म्हणून सरकारकडून तीन गोष्टींची अपेक्षा करायला हवी, आणि तिन्ही फार खर्चाच्या नाहीत. पहिली, फिल्टरच्या खोक्यावर आणि डबड्यावर तो किती मायक्रॉनचा कण किती टक्के अडवतो आणि बायपास किती दाबाला उघडतो, हे छापण्याची सक्ती. ही मापे मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धती ठरलेल्या आहेत. दुचाकीच्या हेल्मेटला २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय विक्री नाही, तर फिल्टरला एवढी ओळ का नसावी? दुसरी, गाडीचे उत्पादन थांबल्यावरही तिच्या भागांचे क्रमांक आणि पर्यायी क्रमांक निदान वीस वर्षे सर्वांसाठी जाहीर ठेवण्याचे बंधन. तिसरी, नूतनीकरणाचे शुल्क वयाबरोबर धुराच्या मोजणीशीही जोडणे. जो निगा राखतो त्याला सवलत मिळू लागली की अस्सल फिल्टरचा खप आपोआप वाढेल.

आपल्या हातात काय?

सरकार करील तेव्हा करील. तोवर जुन्या गाडीच्या मालकाने थोडे नियम स्वतःसाठी करावेत. दुकानात ‘अमुक गाडीचा फिल्टर द्या’ असे न म्हणता पुस्तिकेतला किंवा जुन्या अस्सल फिल्टरवरचा क्रमांक लिहून न्यावा. मोटार कंपनीचे खोके महाग वाटले तर मूळ पुरवठादाराच्या खोक्यातला तोच माल घ्यावा; त्यात कमीपणा काही नाही. खोक्यावर उत्पादकाचा पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीचा क्रमांक छापणे कायद्याने आवश्यक आहे. यांतले काही नसेल तर वस्तू खाली ठेवावी. रबर नखाने दाबून पाहावे, आटे स्वच्छ आहेत का पाहावे, कागदाच्या घड्या दिसत असतील तर त्या सारख्या आहेत का पाहावे. गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच धावत असली तरी तेल आणि ऑइल फिल्टर वर्षातून एकदा बदलावेच; उभ्या गाडीतही तेल जुने होते. आणि पक्के बिल घ्यावे.

एक शेवटची गोष्ट मिस्त्रींनी शिकवली. त्यांनी अस्सल फिल्टर बसवला, थंड इंजिन सुरू केले, खडखडाट नव्हता. मग त्यांनी नव्या फिल्टरचे रिकामे खोके उचलले आणि सावकाश चार तुकडे करून टाकले. मी विचारले, हे कशाला? ते म्हणाले, ‘‘साहेब, अख्खं खोकं रद्दीत गेलं की उद्या त्यात दुसराच फिल्टर येतो. तुम्हाला आलेला तो असाच आला असणार.’’

बँकेत पैसे दिलेल्या चेकवर आम्ही लगेच शिक्का मारून तो रद्द करत असू, कारण तो न मारता सोडला तर तोच कागद दुसऱ्यांदा काउंटरवर येऊ शकतो. चौतीस वर्षे मी हे काम केले. गॅरेजमधून मात्र आजवर किती अख्खी खोकी मी मागे ठेवून आलो, याचा हिशेब माझ्याकडे नाही.